वॉर्डातली सकाळची हजेरी

माझं पोट बरं झालं ते आधी एका मावशींमुळे, मग डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे. मावशी म्हणजे वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या. नाशिकजवळ मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा. पित्ताशयात खडे झाले म्हणून दाखल झालेल्या.

मी वाशिमकडची. सातवीनंतर शाळा सुटली. आता नाशकात द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. दिवसभर उभं राहून कंबर धरायची, म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि नुसत्या चहाबरोबर घ्यायची. एकदा कामावरच चक्कर येऊन पडले. रक्त फार कमी निघालं, भरती केलं. डॉक्टरांनी पोटाचं विचारलं तर म्हटलं, थोडी ॲसिडिटी आहे. संडासला काळी होते हे बोललेच नाही. माझे बाबा पोटाच्या दुखण्यानेच गेले, आणि शेवटी शेवटी त्यांनाही तशीच व्हायची. कुणी तपासलंच नाही तर मला ते नसेलच, अशी मी मनाची समजूत घालत होते.

वॉर्डात एक काकू पाय मोडून आलेल्या, एक शुगर वाढून, एक दम्याने. पण पोटाची तक्रार प्रत्येकीची. काकूंना पडून पडून साफ होत नव्हतं, शुगरवालीला गॅस, दमेवालीला मळमळ. राउंडला आलेले डॉक्टर एकदा हसून म्हणाले, "इथे माणूस कशानेही येवो, पोटाचं काहीतरी बरोबर घेऊनच येतो."

चहा आला की मावशी बसल्या जागेवरून हजेरी घ्यायच्या.

"काय वो पायवाल्या काकू, झाली का?"

"नाही हो. आज पण संप."

"मंग कालची पपई वायाच गेली म्हणायची. माझ्या लेकानं एवढी निवडून आणली व्हती."

माझी पाळी यायच्या आत मी चादर ओढून झोपेचं सोंग घ्यायची. एका सकाळी त्यांनी चादरच खेचली.

"अन् तू गं वाशिमवाली? पोट काय माहेरी ठिवून आली?"

सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि हसता हसताच बोलून गेले, "होते हो मावशी. पण डांबरासारखी काळी."

मावशींनी कप खाली ठेवला.

"डॉक्टरला सांगितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि बाबांचं सांगितलं.

"त्यांचं येगळं. तुझं अजून कुणी पाह्यलंच नाय. पाहू तर दे." मग सिस्टरला हाक मारली आणि माझा हात धरून बसल्या. "मी नाय सांगणार. तूच सांग. मी हाय हितं."

मी सांगितलं. घशातून नळी घालून पोट तपासलं. अल्सर होता, त्यातून रक्त झिरपत होतं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, "उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांचं हे काम. दुसरं काही वाईट नाही, बरं होईल." त्या दुपारी मऊ भात खाताना मला बऱ्याच दिवसांनी चव लागली.

आता दुखण्याच्या गोळ्या बंद आहेत आणि कामावर डबा वेळेवर खाते. अजूनही रोज सकाळी भीतभीतच बघते, आणि सगळं ठीक दिसलं की दिवस चांगला जातो. मावशींनी मात्र स्वतःचं ऑपरेशन झेंडूच्या तोडणीसाठी पुढे ढकललंय आणि त्या घरी गेल्यात. भूल द्यायची म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडतात, हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. मावशी, तुम्ही कधीही दाखल व्हा, मी कामावर सुट्टी टाकून येईन. तुम्हाला आत नेईपर्यंत तुमचा हात मी धरीन.