तुटक्या कानाचा उंदीर

श्रावणी सोमवार होता. मी साबुदाणा परतत होते, तेवढ्यात हे हॉस्पिटलमधून आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले. "नीला गेली," एवढंच म्हणाले. माझी धाकटी नणंद. लग्नाचं नाव काढू न देता आमच्याच घरात राहिलेली... मी गॅस बंद केला की नाही, तेही आठवत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नेरूळला राहायला आलो. सोसायटीत कुणी विचारलं, की मी ठसक्यात सांगायचे, "आमची नीला शास्त्रज्ञ आहे, हो!" आणि ही बया म्हणायची, "उंदीर मारते, काकू." तळोज्याकडच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांच्या जीन्सवर काम करायची. पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि काही जीन्स ते मरण थांबवतात म्हणे. मी तर हरखलेच. "अगं, मग टोच की आम्हाला!"

"नको गं वहिनी. मरणही हवंच असतं. पोटातल्या बाळाची बोटं सुटी होतात ना, ती मधल्या पेशी मरतात म्हणून. ज्या उंदरांत हा जीन जास्त चालतो, त्यांना पुढे गाठी येतात. मरायच्या वेळी पेशी मरतच नाहीत."

मी मोदकाला कळ्या पाडत होते. ऐकून सोडून दिलं.

गणपतीत नीला एक मोदक बाप्पाच्या उंदरापुढे वेगळा ठेवायची आणि संध्याकाळी तो स्वतः खायची. मी चिडवायचे, "वर्षभर मारायचे नि आज लाड? सौ चूहे खाके बिल्ली..." ती हसायची नाही.

गेल्या वर्षी विसर्जनाला तलावावर पोचलो, आरती झाली, आणि बघतो तर मूर्तीपुढचा सुटा उंदीरच नाही! मी कपाळावर हात मारला. घरी आले तर स्वारी नीलाच्या खिडकीत. एका कानाचा टवका उडालेला.

"प्रयोगशाळेत आम्हीही खुणेसाठी कानच कापतो, वहिनी. हा आमच्यातलाच. तिथून एकही कधी घरी येत नाही गं... हा एक राहू दे."

"अगं, वाहन ठेवून घेतलंस, आता बाप्पा जाणार कसा?"

"जाईल चालत."

बोलताना तिचा हात मानेवर होता. तिथे लिंबाएवढी गाठ आली होती. आम्हाला रिपोर्ट आल्यावर कळलं. तिला त्याआधीच कळलं असणार. औषधं सुरू झाली तेव्हा मला म्हणाली, "माझ्या पेशींना मरायला शिकवताहेत. शिकल्या तर बरं." मी देवाला काय काय बोलले असेन! नाही शिकल्या मेल्या.

घरात दुःख, म्हणून यंदा गणपती बसवला नाही. तरी चतुर्थीला मी मार्केटातून नारळ आणला आणि एकच मोदक वाफवला. हे म्हणाले, "अगं, यंदा करायचं नसतं."

"बाप्पाला कुठे केलाय?" म्हटलं, आणि नीलाच्या खिडकीत उंदरापुढे ठेवून आले.

दिवेलागण झाली तरी मोदक तसाच होता. माझ्याच्याने उचलवेना.