नाचऱ्याचं घरटं

तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, की काका आधी डावा हात उचलून हवेत बोटं सावकाश फिरवायचे, लेन्सची रिंग फिरवल्यासारखी. जणू माझा तक्ताच फोकसच्या बाहेर होता. वर "तुमचा दिवा कमी आहे," हेही ऐकवायचे. मी नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. चष्मा सोडून दुकानाला नावं ठेवणारी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील, पण काकांची तऱ्हा वेगळीच.

ते डोंबिवलीच्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर ठाकुर्लीत राहून पक्ष्यांचे फोटो काढत. लेन्स हातभर लांब, जुनी, सगळं हाताने फिरवायची. नव्या कॅमेऱ्याला ती बसेना, म्हणून मधली रिंग त्यांनी स्वतः लेथवर काढली होती.

स्वभाव म्हणाल तर तिखट. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला फसवणारे हौशी फोटोवाले खाडीवर दिसले, की काका तिथल्या तिथे त्यांची बिनपाण्याने हजामत करायचे. दुसऱ्याच्या दारावरची बेल वाजवणारी कार्टी आहात तुम्ही, म्हणायचे. माझाही राग नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे आमचं जमलं आणि मी रविवारी पहाटे, दुकान उघडायच्या आधी, त्यांच्याबरोबर जायला लागले.

मग त्यांच्या डोळ्याचा पडदा बिघडला. चष्म्याने सुधारण्यातलं ते दुखणं नव्हतं. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट. मी म्हटलं, आता आपोआप फोकस होणारी लेन्स घ्या. भडकलेच.

"मग फोटो कुणी काढला म्हणायचं?"

महिनाभर दुकानाकडे फिरकले नाहीत.

मे महिन्यात ठाकुर्लीत, रुळांपलीकडच्या करंजाच्या झुडपात त्यांना नाचऱ्याचं घरटं सापडलं. वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेलं, आत दोन पिल्लं. नाचरा हा चिमणीएवढा पक्षी, सतत शेपटीचा पंखा उघडतो. तो पंखा पसरून पिल्लांना भरवतोय, असा एक फोटो त्यांना डोळा पुरता जायच्या आत हवा होता.

त्या रविवारी एकही फोटो धड आला नाही. पान कुठलं नि पक्षी कुठला, तेच त्यांना कळेना. दर वेळी स्क्रीन माझ्यापुढे धरून विचारायचे, आलाय का? नाही म्हणून म्हणून मी थकले. मला संताप येत होता. त्यांच्या डोळ्याचा, त्या लेन्सचा आणि सगळ्यात जास्त त्या पानांचा.

सोमवारी दुकान बंद असतं. मी त्यांच्या आधी पोचले आणि आडव्या येणाऱ्या तीन डहाळ्या मोडून टाकल्या.

तासाभरात फोटो आला. लख्ख. पंख्याची पिसं मोजून घ्यावीत असा. काका हसले, मग एकदम झुडपाकडे वळले. इथे एवढं ऊन कसं आलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोडं ऐटीतच सांगितलं.

त्यांनी मोडक्या डहाळ्या रुमालाने परत बांधल्या आणि संध्याकाळपर्यंत कावळे हाकलत बसले. मला त्यांनी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पोचले, तेव्हा घरटं रिकामं होतं.

तिथून ते थेट दुकानात आले. बसले नाहीत.

"माझा डोळा गेला, म्हणून तू त्यांचं छप्पर काढलंस," ते म्हणाले.

फोटो पुसून टाकलाय, एवढं सांगून निघून गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. मी काय स्वतःसाठी केलं होतं? आणि मनासारखा आलेला एकुलता एक फोटो कुणी पुसतं का? वर्षभर मी त्यांच्यावर धुमसत राहिले. तेच सोपं होतं. डहाळ्या मी मोडल्या होत्या, हे मनात आलं की आणखी जोरात चिडायची.

यंदा मेमध्ये राहवेना, म्हणून गेले. करंजाच्या झुडपाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला ते स्टुलावर बसले होते. गळ्यात कॅमेरा नव्हता. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर नजर लावायचा प्रयत्न केला, पण ती कानाशेजारून निसटून गेली.

"ताई, जरा वळसा घालून जाता का?" ते म्हणाले. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात ते कधीच बोलले नव्हते. "आत पिल्लं आहेत."

तोंड उघडलं असतं, तर आवाजावरून त्यांनी मला ओळखलं असतं. मी नुसती मान हलवली आणि लांबच्या वाटेने निघाले.