मशीन-कट हायड्रेंजिया

जन्मभर लोकांची डोकी भादरलेल्या माणसाला वाढलेलं काहीच बघवत नाही, हे कारागिरांच्या बायकोला लग्नानंतर लगेच कळलं होतं. टॉवेलचे सुटलेले दोरे, पडद्याची झालर, मांजराच्या मिशा, कशाचीच खैर नव्हती. सलूनमध्ये गिऱ्हाईक "थोडेच कापा" म्हणालं की यांचा हात जास्तच सुटायचा.

तरी तिने खिडकीखाली हायड्रेंजिया लावला. माहेरच्या अंगणात त्याचे निळे गेंद फुलायचे. तसे एकदा आपल्या दारात बघावेत, एवढीच तिची हौस. मुद्दाम बुटकी जात आणली.

"ही गुडघ्याच्या वर जात नाही, कापायची गरजच नाही," रोपवाटिकेवाला म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या कळ्या यंदाच्या शेंड्यांतच धरतात. तेवढे शेंडे सांभाळा."

कारागिरांनी मान डोलावली. त्यांचं सगळं लक्ष त्याच्या वेड्यावाकड्या कल्ल्यांकडे होतं.

मग दर सुट्टीला झाडाची हजामत सुरू झाली. झाड कसं गोल, गुळगुळीत, चारचौघांत न्यावं असं. फूल मात्र औषधालाही नाही. बायको "नका हो कापू" म्हणून थकली. कारागिरांनी खापर आधी मातीवर फोडलं, मग पाण्यावर, आणि शेवटी तिच्यावर. "तुझ्या हातालाच गुण नाही," ते म्हणाले. हे तिला फार लागलं.

एकदा शेजाऱ्याची वेल दोन बोटं अलीकडे आली. ती छाटायला कारागीर स्टुलावर चढले आणि उजवा हात मोडून घेतला. हाड तिरकं जुळलं, पुन्हा बसवावं लागलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. डाव्या हाताने कात्री धरणं त्यांना कलेचा अपमान वाटे. वर्षभर झाड मनासारखं वाढलं.

आणि उन्हाळ्यात खिडकीखाली निळे गेंदच गेंद! बायको सकाळचा चहा तिथेच घेऊ लागली. गल्ली बघायला लोटली. "निगा राखावी लागते," कारागीर प्रत्येकाला सांगत होते.

त्याच आठवड्यात त्यांची बोटं वळली. "अगं, पकड आली!" हवेत कात्री चालवत ते बाहेर धावले.

बायको झटकन झाडापुढे आडवी आली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

किती जीव आहे हिचा आपल्यावर, कारागिरांना वाटलं.