कोपरा फाटलेलं कार्ड

पत्रमित्रांनो, आपल्यात एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं फिरतं पत्र आज माझ्याकडे आहे, म्हणून हे तुम्हालाच सांगतो.

संध्याकाळी तुमसरच्या राइस मिलमधून घरी आलो. आई दारातच म्हणाली, "हिरव्या शाईचं कार्ड आलं होतं."

म्हणजे नाकाडोंगरीचा आपला मधुकर! "कुठं आहे?"

"फाडून नालीत टाकलं. कोपरा फाटला होता त्याचा."

आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. ते घरात घेत नाहीत, वाचून बाहेरच फाडतात.

"पण वाचायच्या आधीच काहून फाडलं?"

"मले वाचता येते काय? दिवा लावाची वेळ झाली, तसं कार्ड दारात ठेवू काय?"

नालीत हात घालून तुकडे काढले. शाई पार धुऊन गेली होती.

कोपरा डाकेच्या थैलीतही फाटतो, मान्य. पण मधुकर खाणीत कामाला. खोकल्यातून रक्त पडतं, असं मागच्या पत्रात होतं. घरात तो आणि वडील, दोघंच. हिरव्या शाईची दौतही एकच, म्हणजे कार्ड दोघांपैकी कोणीही लिहिलेलं असेल.

तुमच्यापैकी कोणाला त्याचं पत्र आलं का? लगेच कळवा.

मी नवं कार्ड घेऊन बसलोय. 'प्रिय मधुकर' लिहिलं आणि ते त्याच्या वडिलांनाच वाचावं लागलं तर?