पुंजाजी आणि वाशिमची गाडी

कनेरगाव नाक्याजवळच्या वस्तीवर पुंजाजीनं जन्मभर मेंढरं चारली, तीही जमेल तशी. उन्हं चांगली वर आल्याशिवाय तो अंथरूण सोडत नसे. मेंढरंही मालकासारखीच, हाडकुळी आणि समाधानी.

त्याची सून निता बचत गटाच्या प्रशिक्षणाला गेली. तिथल्या मॅडमनी सांगितलं, 'जमेल तेवढं' हे काही ध्येय नव्हे. गाठलं की नाही ते कुणालाही दिसावं, असं ध्येय पाहिजे. घरी येऊन नितानं सासऱ्याला त्याचं ध्येय विचारलं. पुंजाजीनं जेवण होईपर्यंत विचार केला आणि म्हणाला, "सकाळच्या वाशिम गाडीच्या डायवरनं मला हात करावा."

नितानं लोकर सुचवली, मेंढरांचं वजन सुचवलं. म्हातारा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी तो रस्त्यावर हजर. डायवरनं पाहिलं नाही. मग त्यानं लग्नातला गुलाबी फेटा काढला. मेंढरं धुतली. गाडी जिथं हळू होते त्या वळणावर जाऊन उभा राहू लागला. तिथल्या गवताला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. मेंढरं अशी भरली, की हिंगोलीचा व्यापारी आपण होऊन वस्तीवर आला. मॅडम पुंजाजीचा फोटो काढून घेऊन गेल्या. त्याचं ध्येय लोकरीचं होतं, असं नितानं त्यांना सांगून टाकलं.

पावसाळा सरता सरता डायवर शिवप्रसादनं एकदा हात केला. पुंजाजीनं वस्तीभर गूळ वाटला आणि दुसऱ्या दिवशी उठलाच नाही. आजारी नव्हता, नुसता पडून होता. कुणी काही म्हटलं की म्हणायचा, झालं की आता. मेंढरं दारात ओरडत राहिली.

शेवटी त्याची बायको चंद्रभागाबाई नाक्यावर गेली आणि गाडी थांबल्यावर तिनं शिवप्रसादला सगळं सांगितलं.

"त्यायला हात करू नका," ती म्हणाली.

"काहून मावशी? चांगला माणूस दिसून राहिला."

"चांगला हाये म्हणूनच. त्यायच्याकडं बघू बी नका."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, की डायवरनं त्या दिवशी माशी हाकलली होती. पुंजाजी ताडकन उठून बसला आणि फेटा कुठं ठेवलाय ते विचारू लागला.

अवघड झालं ते शिवप्रसादचं. वळण आलं की त्याचा हात आपसूक वर जाई. म्हणून तो दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून पलीकडच्या सोयाबीनकडं बघत राही. त्याची मान अवघडली असं समजून कंडक्टरनं त्याला बाम आणून दिला.

मेंढरं पुन्हा भरली. संध्याकाळी फेटा सोडता सोडता पुंजाजी बायकोला अभिमानानं सांगतो, "डायवर लई कडक माणूस हाये."