एक्स, क्यू आणि मोहरीची डबी

येत असलेलं उत्तर मी गिळलं आणि जवळजवळ ठरलेलं लग्न घालवून बसलो. उत्तर एका शब्दाचं होतं, तेही इंग्रजी, आणि विचारणारे होते मुलीचे वडील.

इंग्रजांनी हिंदुस्थान घेतला असेल, पण त्यांची सव्वीसच्या सव्वीस अक्षरं बेळगावातल्या या एका गृहस्थांनी घेतली होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दिवसभर कचेरीत ते लोकांच्या अर्जांच्या नकला करत आणि घरी आल्यावर माणसांच्या मागं अक्षरं लावून देत. पंगत संपत आली की अण्णा दोन अक्षरं सांगायचे. ती दोन्ही ज्यात येतात असा इंग्रजी शब्द कुणीतरी काढल्याशिवाय हात धुवायला उठायचं नाही, हा त्या घरचा नेम. खानापूरचे एक पाहुणे डब्ल्यू आणि वाय या दोन अक्षरांपायी असेच अडकले. ताकभात बोटांवर वाळला, गाडीची वेळ झाली, तेव्हा ते कळवळून ओरडले, ‘‘अहो, रेल्वे! रेल्वे! आता तरी सोडा!’’ अण्णांनी मान डोलावली. ‘‘शब्द बरोबर. कुठं छापलेला पाहिलात?’’ पाहुण्यांनी डाव्या हातानं तिकीट काढून दाखवलं. अण्णांनी ते निरखून वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, ‘‘छान. आता सावकाश जा. गाडी गेली असेल.’’

कारण नुसता शब्द अण्णांना चालत नसे. तो कुठल्यातरी वस्तूवर छापलेला पाहिला पाहिजे. डिक्शनरीला ते मानत नसत. ‘‘तिथं काय, कुणीपण काहीपण घालतंय,’’ म्हणायचे. त्यांचा विश्वास डब्यांवर. बिस्किटांचे, कोकोचे, औषधांचे रिकामे डबे ते कुठून कुठून आणत आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, त्यांत डाळी भरत. वाद निघाला की अण्णा स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारत, ‘‘अगं, तुरीचा डबा आण, त्यावर ‘जे’ अक्षर आहे!’’ काकू म्हणायच्या, ‘‘आमच्या घरात डाळ आधी वाचतात, मग शिजवतात.’’ रविवारी ते कॅम्पात, गोऱ्यांच्या छावणीत, पाट्या वाचत हिंडायचे. एका साहेबाच्या फाटकावर कुत्र्यापासून सावध राहा अशी इंग्रजी पाटी होती. ती वाचण्यात ते इतके रंगले, की कुत्रा आलेला त्यांना कळलाच नाही. घरी आले ते अर्ध्या धोतरावर.

अशा घरी मी निपाणीहून मामांना घेऊन मुलगी बघायला गेलो. अंगात नवा मलमलीचा सदरा. मुलगी बघितली आणि माझी भूकच गेली. ही मिळाली नाही तर आपलं कसं व्हायचं, या धास्तीनं पानावर बसलो. शेवटचा भात झाला. अण्णा माझ्याकडं वळून अगदी मायेनं म्हणाले, ‘‘एक्स आणि क्यू.’’

मला उत्तर येत होतं! एक्स्क्विझिट. मी ते रोज वाचत होतो, सिगारेटच्या चपट्या डबीवर. आणि ती डबी त्या क्षणी माझ्याच खिशात होती. शब्द बोललो की पुढचा प्रश्न ठरलेला, कुठं पाहिलात? आणि होणाऱ्या सासऱ्यासमोर, शेजारी मामा, कुठल्या तोंडानं सांगायचं? मुलगी ताक वाढताना माझ्या खिशाकडं बघत होती. मला वाटलं, लाजून नजर खाली ठेवते आहे. मी म्हटलं, ‘‘नाही येत.’’ अण्णांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी स्वतःच पाणी सोडलं आणि उठले. काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

परतीच्या मोटारीत मामा म्हणाले, ‘‘आरं, येत न्हवतं तर न्हवतं. तोंड कशाला असं म्हैस मेल्यागत?’’

‘‘येत होतं, मामा.’’

‘‘मग बोलला का न्हाईस रं?’’

हे मामांनाही सांगता येईना. पुढं निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण योग दिसत नाही. मग माझी झोप उडाली. मी कामाला होतो त्या वखारीत तंबाखूची बोदं, ते मोठाले गठ्ठे, मोजताना आकडे चुकायला लागले. तिला दुसरं स्थळ आल्याचं ऐकलं आणि मी बेळगावची मोटार धरली. हाच शब्द कुठल्यातरी सोवळ्या वस्तूवर सापडला पाहिजे! कॅम्पातल्या दुकानांतून मी खोकी उलटीपालटी करत हिंडलो. दुकानदार मला चोर समजून मागं मागं फिरत होते. अखेर एका वासाच्या साबणाच्या वेष्टनावर तो दिसला. साबण घेऊन, घामानं निथळत, अण्णांपुढं उभा राहिलो.

अण्णांनी वेष्टन वाचलं. ‘‘शब्द बरोबर. पण त्या दिवशी तो तुमच्या खिशात होता.’’

‘‘साबण?’’

‘‘डबी. मलमलीतून स्वच्छ वाचता येत होती. म्हणून तर तीच अक्षरं दिली. पोरीचा बाप मी, अवघड कशाला घालीन?’’ त्यांचा आवाज दुखावलेला होता. ‘‘ओढता लई?’’

‘‘कधीमधी.’’

‘‘काढा ती डबी.’’ आता ही विहिरीत जाणार आणि पाठोपाठ मी, असं वाटलं. अण्णांनी सिगारेटी परसातल्या केळीच्या बुंध्यात ओतल्या, डबी धोतरानं पुसली आणि हाक मारली, ‘‘अगं, ही घे मोहरीला. आणि साखर आण, तोंड गोड करायला.’’

अण्णा गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. शेवटच्या दुखण्यात ते औषधाची बाटली उजेडाकडं फिरवत पडायचे. मोहरीची ती डबी काकूंनी आमच्याकडं पाठवून दिली. अक्षरं पार झिजली आहेत, एक्स तेवढा बोटाला लागतो. परवा जेवता जेवता उगाच म्हणालो, ‘‘काही म्हण, अण्णांनी माझ्यात काहीतरी पाहिलं होतं.’’

बायकोनं फोडणीत मोहरी टाकली आणि मागं न बघताच म्हणाली, ‘‘अण्णास्नी जावई कुठं पायजे होता? डबी पायजे होती. तुमी डबीसंगं आलासा.’’