राहिलेले रोजे

घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत मी गुरुजींच्या पोटमाळ्यावर चार वर्षं राहिलो. दिवसा मुलुंडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायचो, संध्याकाळी कॉलेजला जायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ती पदवी कागदावर माझ्या नावाची आहे, पण तिच्यात गुरुजींची आणि काकांची मेहनत पुष्कळ आहे.

गुरुजी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मालवणकडचे मुसलमान. नमाज कधी चुकला नाही. काका, म्हणजे सगळ्या चाळीचे काका, समोरच्या खोलीत एकटे राहायचे. संपात गिरणीतली नोकरी गेली ती परत मिळालीच नाही. ते देव मानत नसत. रविवारी सकाळी आम्हा पाचसहा पोरांना गोळा करून ते मानवतावाद शिकवायचे. माणसाचं भलं माणसानेच करायचं आहे, वरून कोणी येणार नाही, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं आणि बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं.

काकांकडे ऐकलेलं मी निबंधात उतरवायचो आणि ते निबंध तपासायचे गुरुजी. धर्माविरुद्धचा मुद्दा लंगडा वाटला की समासात लाल शाईने लिहायचे, ‘उदाहरण दे.’ स्वतःच्या श्रद्धेविरुद्धचं म्हणणंही ते माझ्याकडून नीट मांडून घेत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दोघं एकाच तालुक्यातले, त्यामुळे भांडायला संकोच नव्हता. देव आहे की नाही हा वाद कठड्याला टेकून रोज चालायचा. काका पँटला पट्ट्याऐवजी सुतळी बांधायचे. मला तो साधेपणा वाटायचा. मीही काही दिवस सुतळी बांधून पाहिली.

त्या वर्षी रमजान मे महिन्याच्या अखेरीला आला. गुरुजींना मधुमेह होता. आदल्या वर्षी त्यांनी डॉक्टरांचं न ऐकता तीसच्या तीस रोजे पुरे केले होते. या वर्षी चौथ्याच दिवशी ते नळावर चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी जेवणाबरोबर वेळेवर गेलीच पाहिजे, उपास धोक्याचा आहे. गुरुजींनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजा धरला. चाचींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला बाजूला घेतलं. माझं ऐकत नाहीत, म्हणाल्या, त्या भांडकुदळ्याला सांगून बघ.

मी काकांना सांगितलं. ते दोन दिवस वाचनालयातून हललेच नाहीत. आता विज्ञान, बुद्धी, शरीरधर्म असं सगळं घेऊन ते येणार, अशी माझी खात्री होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, “तुझा धर्म तुला समजलेला नाही.”

गुरुजींनी चष्मा काढला. काका बोलत राहिले. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे. देवाला तुझा त्रास नकोय, असं तुझाच ग्रंथ सांगतो. ती सूट नाकारणारा तू कोण मोठा लागून गेलास?

गुरुजी शांतपणे म्हणाले, “मला ठाऊक आहे. पोरांना मीच शिकवलंय.”

“मग?”

“खाली चाळीचं बांधकाम चाललंय. उन्हात विटा वाहणाऱ्या बायका रोजा धरून आहेत. त्यांच्यासमोर मी सावलीत बसून पाणी पिऊ? माणसाला माणसाची काही लाज हवी की नको?”

काकांचं हत्यार गुरुजींच्या हातात गेलं होतं आणि गुरुजींचं काकांच्या हातात. मी पोटमाळ्याच्या शिडीवर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होतो.

“सूट सांगितलीय त्याच्या पुढचंही वाचलंस ना?” गुरुजींनी विचारलं.

वाचलं होतं. ज्याला रोजा झेपतच नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरजवंताला जेवू घालायचं. काकांनी ते घडाघडा सांगितलं, शाळेतल्या पोरासारखं.

गुरुजी एरवी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी एकदम मालवणीवर आले. “खरां सांग, तू दुपारचो जेवतंस खंय?”

काकांचा हात सुतळीवर गेला. तेव्हा कुठे मला दिसलं की पँट त्यांना दोन माणसांच्या मापाची झाली होती. दर रविवारी ते आम्हाला केळी वाटायचे. स्वतः मात्र कधी घ्यायचे नाहीत.

“मी काय भिकारी आहे?” ते म्हणाले.

“तू जेवायला ये, मी रोजा सोडतो. दोघांचा मान थोडा थोडा जाईल.”

“तुझा देव मी मानत नाही रे.”

“भात तर मानतोस?”

दुसऱ्या दिवशी काका आले. चाचींचा रोजा होता, तरी त्यांनी माशाचं कालवण केलं होतं. गुरुजी हातात गोळी घेऊन काकांच्या पहिल्या घासाची वाट बघत होते आणि काका गुरुजींनी पाणी पिण्याची. भात निवत चालला. चाची शेवटी वैतागल्या. “पहाटेपासून माझ्या घशात थेंब नाही, आणि तुम्ही भरल्या ताटासमोर बसून हट्ट करताय. उचला.”

दोघांनी एकदमच उचललं.

नंतर माझ्या परीक्षेत धर्म आणि मानवतावाद यांवर प्रश्न आला. मला समासातली लाल शाई आठवली आणि मी नावं न घेता हेच उदाहरण दिलं. किती गुण मिळाले ते कळलं नाही, पण ते उत्तर लिहिताना मला पुस्तकातलं काही आठवावं लागलं नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काका सवयीने दारापर्यंत आले, थबकले, आणि रमजान संपला की, असं पुटपुटत वळले. आत पाट मांडलेला होता.

“कुठे चाललात?” चाची आतून म्हणाल्या. “यांचे गेल्या वर्षीचे तीस राहिलेत.”

खोटं कधी न बोलणारे गुरुजी पेपर तोंडासमोर धरून बसले होते. त्यांनी तो खाली घेतला नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी मी त्याच घरात होतो. मी उठून त्यांच्यासाठी तांब्या भरायला गेलो.